नेदरलँड्समधील पाळणाघर भत्ता प्रकरण : पार्श्वभूमी

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सामान्य माणसावर होऊ शकणाऱ्या अन्यायाची चर्चा निघाली की नेदरलँड्समधील पाळणाघर भत्त्याच्या प्रकरणाचा दाखला हमखास दिला जातो. तेथे हजारो पालकांवर फसवणुकीचा चुकीचा संशय घेऊन त्यांना मिळालेला भत्ता परत मागितला गेला. मात्र या संशयाचे मूळ यंत्रात नव्हते; ते कायद्यात आणि राजकारणात आधीच रुजले होते.

२००५ मध्ये अमलात आलेल्या कायद्यानुसार नोकरदार आईवडिलांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळू लागली. अंदाजे उत्पन्न धरून पैसे आगाऊ दिले जात आणि हिशेब मागाहून होई. २०१३ मध्ये बल्गेरियातून माणसे आणून त्यांच्या नावाने सरकारी भत्ते उकळणाऱ्या टोळीची बातमी गाजली, संसदेत कडक कारवाईची मागणी झाली आणि त्याच वर्षी करखात्याने अर्जांची छाननी करणारी, अनुभवातून स्वतः शिकत जाणारी जोखीम-वर्गीकरण प्रणाली वापरात आणली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही तिच्या निकषांपैकी एक होता. जोखमीचे जास्त गुण पडलेला अर्ज तपासणीसाठी कर्मचाऱ्याच्या टेबलावर येई. परंतु ते गुण कशामुळे पडले, हे त्या कर्मचाऱ्यालाही कळत नसे. मला हा तपशील सर्वांत गंभीर वाटतो, कारण निर्णयावर नाव माणसाचे असले तरी त्या माणसाच्या हाती कारणच नव्हते.

पुढचे काम नियमांनी केले. एखादी सही राहिली किंवा स्वतःच्या वाट्याची किरकोळ रक्कम भरायची राहिली, तर संपूर्ण वर्षाचा भत्ता परत मागितला जाई, आणि फायलीवर ‘हेतुपुरस्सर कृती किंवा घोर निष्काळजीपणा’ असा शिक्का बसला की हप्तेही पाडून मिळत नसत. हजारो कुटुंबे अशी कर्जात बुडाली, अनेक संसार मोडले; या कुटुंबांतील एक हजाराहून अधिक मुलांना बालसंरक्षण यंत्रणेने घराबाहेर ठेवले. दाद मागायला गेलेल्यांना वर्षानुवर्षे न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने आपली कठोर भूमिका बदलली ती थेट ऑक्टोबर २०१९ मध्ये.

पत्रकारांनी आणि पीटर ओमत्सिख्त व रेन्स्के लाइटन या खासदारांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यावर डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. ‘अभूतपूर्व अन्याय’ हे त्याचे शीर्षक होते. १५ जानेवारी २०२१ रोजी तत्कालीन पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पीडित पालकांना प्रत्येकी किमान ३०,००० युरो देण्याचे ठरले, तरी प्रत्यक्ष नुकसानीचा हिशेब लावून घेण्यासाठी अनेकांना पुढेही वर्षानुवर्षे ताटकळावे लागले.

ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झालेल्या युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने सरकारी मदतीची पात्रता ठरवणाऱ्या प्रणालींना उच्च जोखमीच्या गटात टाकले आहे. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या माणसाला प्रणालीचा निष्कर्ष समजून घेता आला पाहिजे आणि गरज पडल्यास तो बाजूला ठेवता आला पाहिजे, अशी अट त्यात आहे.