पुण्यातील सायकल ट्रॅक : एका शब्दाने घातलेला घोळ

पुण्याला सायकलींचे शहर का म्हणत, हे पुणेकर वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे पाळीला निघणारे कामगार, डबलसीटबद्दल आणि रात्री दिवा नसल्याबद्दल भरावा लागणारा दंड या आठवणी घराघरांत आहेत. रस्त्यावर सायकलीच अधिक असताना वेगळ्या मार्गाची निकड कोणाला भासली नाही. ती भासू लागली तोवर आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरने सायकलीला रस्त्याच्या कडेला ढकलले होते. सायकल ट्रॅकची रचना कशी असावी याचे मानक देशात १९६२ पासूनच उपलब्ध होते, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

आजच्या जाळ्याची खरी सुरुवात २००६ मध्ये झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य दिले आणि वर्षअखेरीस कात्रज ते हडपसर या मार्गावर जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला. बससाठी मध्ये मार्गिका आणि कडेला पदपथ व सायकल ट्रॅक अशी ही आखणी होती. पुढे जो घोळ झाला, तो या आखणीतल्या ‘सायकल ट्रॅक’ या शब्दापासूनच सुरू झाला, असे माझे मत आहे.

या एका शब्दाखाली पुण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे वाहनांच्या रस्त्यापासून कठड्याने किंवा झाडांच्या पट्ट्याने अलग केलेला मार्ग. दुसरी म्हणजे डांबरावर रेषा ओढून दाखवलेली मार्गिका, जिच्यावर तासाभरात चारचाकी उभी राहते. तिसरी म्हणजे पदपथाच्याच उंचीवर, निराळ्या रंगाचे पेव्हर ब्लॉक बसवून राखलेला पट्टा. कागदावर तिघांचीही मोजणी किलोमीटरमध्येच होते, परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांच्यात काहीही साम्य नाही. पहिल्या प्रकारात सायकलस्वाराला धोका केवळ चौकात असतो, तर दुसऱ्यात तो सर्वत्र असतो. तिसऱ्या प्रकारात धोका नाहीसा होत नाही, तो फक्त पादचाऱ्याच्या वाट्याला जातो, कारण ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने चालणारा माणूस आणि पंधराच्या वेगाने येणारी सायकल यांच्यामध्ये रंगाच्या फरकाखेरीज काहीच उरत नाही.

पुण्याने या तिसऱ्या प्रकाराकडे कल ठेवला, हा निर्णय वादग्रस्त आहे आणि त्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा झालेली नाही. पदपथाची जागा आधीच ताब्यात असते, त्यामुळे वाहनांची मार्गिका कमी करण्याचा अप्रिय निर्णय टाळता येतो, हे त्यामागचे सरळ कारण दिसते. त्याचे परिणाम सातारा रस्त्यावर पाहायला मिळाले. ब्लॉकवर चढलेला सायकलस्वार पुढे बसथांब्यावरच्या रांगेत शिरतो, तेथून निघाला की विजेची पेटी आडवी येते आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कर्बवरून खाली उतरावे लागते. दोनदा असे उतरल्यावर तो पुन्हा वर चढत नाही. ‘ट्रॅक असूनही वापरत नाहीत’ असा ठपका ज्यांच्यावर येतो, ते हेच लोक होत.

दुचाकींना रोखण्यासाठी बसवलेल्या खुंटांचीही गोष्ट अशीच आहे. सायकलीचे हँडल आणि स्कूटरचे हँडल यांच्या रुंदीत फार अंतर नसते, त्यामुळे एक जाईल आणि दुसरी अडेल अशी फट ठेवणे जवळजवळ अशक्य असते. फट अरुंद केली तर चाकाची खुर्ची आणि मुलांची गाडी अडते, रुंद ठेवली तर कोंडी होताच दुचाकींची रांग आत शिरते. पदपथ किंवा सायकल ट्रॅकवर वाहन चालवू नये, असे १९८९ च्या रस्ता नियमांतील अकराव्या नियमाने स्पष्ट सांगितले होते. मात्र पादचारी आणि सायकलस्वार यांनी आपसात जागा कशी वाटून घ्यावी, याविषयी त्या नियमात एक शब्दही नव्हता.

डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. त्यात ८२४ किलोमीटरचे जाळे प्रस्तावित होते. आधीचे ट्रॅक दुरुस्त करा, मग नवे आखा, हा विरोधकांचा आक्षेप रास्त होता. परंतु जुने तुकडे निरुपयोगी ठरले ते तुकडे असल्यामुळेच, ही आराखड्यामागची भूमिका मला अधिक पटते. या जाळ्यातील सगळेच किलोमीटर अलग ट्रॅकचे नव्हते, हे मात्र आकडा सांगताना क्वचितच सांगितले गेले. त्याच महिन्यात विद्यापीठ आणि औंध परिसरात भाड्याच्या सायकली आल्या आणि काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या.

जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना याच काळातली. रुंद पदपथ, बाके, मुलांची खेळणी आणि शेजारून सायकलींचा पट्टा यांमुळे रस्ता देखणा झाला, यात शंका नाही. पण संभाजी उद्यानासमोर संध्याकाळी आजोबांचे बोट सोडून धावणारे मूल त्या पट्ट्याचा रंग पाहत नाही, आणि त्याने तो पाहावा अशी अपेक्षाही करता येत नाही. तेथे उतरून सायकल हातात धरून चालणे, निदान घंटी वाजवून वाट काढण्याऐवजी वेग चालण्याइतका करणे, हे सायकलस्वाराचेच काम आहे.

अलीकडे या पट्ट्यांवर मंदगती विद्युत दुचाकीही आल्या आहेत. पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेगमर्यादेच्या, ठरावीक निकष पाळणाऱ्या या गाड्या कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन ठरत नाहीत, मग त्या ट्रॅकवर चालाव्यात की नाही? अलग ट्रॅकवर त्यांना जागा देता येईल, पदपथावरच्या पट्ट्यावर ती देणे धोक्याचे आहे. पण दोन्हींना आपण एकाच नावाने ओळखत असल्यामुळे तेथे लावायच्या पाटीवर काय लिहावे, हेच अजून ठरलेले नाही.