रॉक लाइट : जीपच्या पोटाखालची रोषणाई

जीप किंवा तशाच उंच चारचाकीच्या चेसिसखाली आणि मडगार्डच्या आतल्या अंगाला बसवलेल्या छोट्या एलईडी दिव्यांना रॉक लाइट म्हणतात. एकेक दिवा तळहातात मावेल एवढा असतो आणि एका गाडीला साधारण चार ते आठ दिवे लागतात. ही कल्पना अमेरिकेतल्या खडकाळ वाटांवर रात्री गाडी चढवणाऱ्यांची. हेडलाइट पुढचे दाखवतो, पण टायर नेमका कुठल्या दगडावर टेकला आहे हे चालकाला दिसत नाही आणि बाहेर उभे राहून हाताने दिशा दाखवणाऱ्यालाही कळत नाही. शहरातल्या मोटारींखाली निऑनच्या काचनळ्या लावायची हौस वेगळी होती. १९९० च्या दशकात निळा एलईडी हाती आला (त्यासाठी अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले) आणि कोणताही रंग देणारे, धक्के सोसणारे, १२ व्होल्टवर चालणारे दिवे शक्य झाले. तेव्हापासून गरज आणि हौस एकाच डब्यात विकली जाऊ लागली.

कोकणात थार, गुरखा, जिम्नी अशा गाड्यांना हे दिवे लावले जातात ते बहुधा शोभेसाठी. गणपतीत अंगणात उभ्या केलेल्या गाडीखालून निळा-जांभळा उजेड सांडलेला छानच दिसतो. मात्र तोच निळा रंग सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावर, कुचकामी ठरतो. तिथल्या जांभ्या दगडाचा लाल रंग त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि ते निळा प्रकाश शोषून घेते. निळ्या दिव्याखाली कातळ सरसकट काळा दिसतो. उथळ खळगा कोणता आणि चाक अडकेल असा खड्डा कोणता, हे ओळखू येत नाही. पिवळसर पांढरा उजेड खालून, तिरपा पडला की प्रत्येक खळग्याला सावली येते, शेवाळाचा हिरवट पट्टाही वेगळा दिसतो. म्हणून बहुरंगी संच घेतला तरी त्यात खरा पांढरा एलईडी वेगळा आहे ना, हे पाहून घ्यावे.

या किनाऱ्यावर दिव्यांपेक्षा वायरिंगच आधी दगा देते. खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीची जुनी वायर सोलून पाहावी : वरचे आवरण धडधाकट, आत मात्र तांबे हिरवे-काळे पडलेले, आणि तेही जोडापासून वीतभर आत. तारांच्या बारीक पेडांमधून खारट पाणी चढत जाते. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड कोकणातल्या एका पावसाळ्यापुरताही भरवशाचा नाही. कल्हई केलेल्या तांब्याची वायर, आतून गोंद असलेली आणि तापवली की आवळून बसणारी नळी, टर्मिनलवर डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारे, पाणी रोखणारे), आणि जोडाच्या अलीकडे वायरला खाली झोळ, म्हणजे पाणी जोडात न शिरता तिथून ठिबकते. एवढे तरी हवेच. चेसिसला नवे भोक पाडू नये. असलेल्या भोकांचा उपयोग करावा, कारण गंज भोकाच्या कडेपासूनच सुरू होतो.

दिव्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास दिवा टिकेल. ही चाचणी गोड्या, शांत पाण्यातली असते. प्रत्यक्षात तासभर पेटून तापलेला दिवा पऱ्यात किंवा वहाळात, म्हणजे ओढ्याच्या पाण्यात, उतरतो, एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दुसऱ्या दिवशी काचेच्या आत घाम दिसतो. पाण्यात उतरण्याआधी दिवे काही मिनिटे बंद ठेवले तर हे बरेच टळते. समुद्राच्या पाण्यात चाक गेले असेल तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी.

विजेचा हिशेब सोपा आहे. ९ वॉटचे आठ दिवे म्हणजे ७२ वॉट, १२ व्होल्टवर ६ अँपिअर. बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज, मग रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा), आणि स्विच डॅशबोर्डवर. रंग बदलणारा कंट्रोलर खाली न ठेवता बॉनेटमध्ये उंचावर किंवा केबिनमध्ये ठेवावा. इंजिन बंद ठेवून पाच तास दिवे जाळले तर ३० अँपिअर-तास जातात, म्हणजे ६० च्या बॅटरीतले निम्मे; सकाळी स्टार्टर कुरकुरतो. वायर सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकच्या नळ्यांपासून दूर बांधावी. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हेही पाहावे.

रस्त्यावर हे दिवे बंदच हवेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

पुळणीवरचा, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचा, प्रश्न दंडापेक्षा मोठा आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात. वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर त्यांचे रक्षण उभे केले. वाळूवरचा उजेड पाहून मादी अंडी न घालता परत फिरते. पिल्ले सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात. तो उजेड गाडीखालचा असेल तर ती समुद्राकडे पाठ फिरवतात, आणि चाकोरीत उतरलेले दोन बोटांएवढे पिल्लू तिथेच अडकते. पुळणीवर गाडी नेऊच नये, दिवे लावून तर मुळीच नाही.

सड्यावर अशी नाजूक गोष्ट म्हणजे कातळशिल्पे, कातळात कोरलेली चित्रे. कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे अशा ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. अनेक चित्रे उघड्या कातळावर, कुंपणाविना, पायाखालीच आहेत आणि गाडीच्या सीटवरून ती दिसत नाहीत. तिरप्या उजेडात त्यांची रेघ फार सुंदर उठते, पण त्यासाठी गाडी डांबरावर ठेवून, हातात टॉर्च घेऊन, वाट माहीत असलेल्या गावकऱ्याबरोबर चालत जावे.