स्लॉट मशीन

स्लॉट मशीन : नाणे टाकून रिळे फिरवायची आणि ठरावीक चित्रे एका ओळीत थांबली तर पैसे मिळवायचे, असे जुगाराचे यंत्र. जुन्या यंत्रांच्या बाजूला दांडा असे. त्यावरून अमेरिकेत त्याला ‘एकहाती दरोडेखोर’ म्हणत.

बव्हेरियातून सॅन फ्रान्सिस्कोत आलेल्या चार्ल्स फे या मेकॅनिकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लिबर्टी बेल’ बनवले. तीन रिळे, त्यांवर नाल, इस्पिक, बदाम, चौकट आणि घंटा. तिन्ही घंटा जुळल्या की पन्नास सेंट. आत स्प्रिंग, दांडा, खाचांच्या चकत्या. कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथवाल्याने झाकण उघडून पाहिले तर चहा निवायच्या आत सारे कळेल, इतका उघड मामला. प्रत्येक रिळावर दहा चित्रे आणि घंटा एकच असे धरले, तर तीन घंटा हजारात एकदा. हा हिशेब रिळांवरची चित्रे मोजून कुणालाही करता येई.

रोख बक्षिसावरची बंदी चुकवण्यासाठी पुढे च्युइंग गम देणारी यंत्रे निघाली. चेरी-लिंबाची चित्रे त्या गमच्या स्वादांची. १९६३ साली बॅली कंपनीच्या ‘मनी हनी’ने यंत्र जवळजवळ पूर्ण विजेवर नेले, १९७६ साली पडद्यावरची रिळे आली.

खरा पालट १९८४चा. इंगे टेल्नेस या संशोधकाच्या पेटंटने रीळ आणि निकाल यांची फारकत केली. निकाल संगणकाने काढलेल्या यादृच्छिक, म्हणजे कशीही पडणाऱ्या, संख्येवर ठरतो, रीळ तो फक्त दाखवते. रिळावर बावीस जागा दिसल्या तरी आत चौसष्ट संख्या असू शकतात; मोठ्या बक्षिसाच्या चित्राला त्यांतली एकच आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागांना अनेक. त्यामुळे चित्र वारंवार ओळीच्या जरा वर किंवा खाली थांबते आणि ‘थोडक्यात हुकलं’ असे वाटते. हे वाटणे आकडेमोडीतून मुद्दाम घडवलेले असते, म्हणून ही या यंत्राच्या इतिहासातली सर्वांत गंभीर गोष्ट मानावी लागते.

महाराष्ट्राचा १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मात्र १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे आली, म्हणून कोल्हापूरकर घाट उतरून तिथे जातो. मटक्याचे जुने चार्ट पाहून आकडा काढायची सवय असलेला माणूस इथेही ‘बराच वेळ दिलं नाही, आता देणार’ असा अंदाज बांधतो. बटण दाबले त्या क्षणाच्या संख्येला आधीच्या एकाही फेरीची आठवण नसते.