फौजदारी अन्वेषण (भारत)

गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून दंडाधिकाऱ्याकडे अंतिम अहवाल जाईपर्यंत पुरावा गोळा करण्यासाठी होणाऱ्या कार्यवाहीस अन्वेषण किंवा, रूढ शब्दात, तपास म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (२०२३; अंमल १ जुलै २०२४ पासून) कलम २ मधील व्याख्या आधीच्या संहितांतील व्याख्येहून फारशी वेगळी नाही. पुरावा गोळा करण्याची सर्व कार्यवाही तीत येते. मात्र ती पोलीस अधिकाऱ्याने, किंवा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या पण स्वतः दंडाधिकारी नसलेल्या व्यक्तीने केलेली असावी लागते. या शेवटच्या अटीने अन्वेषणाचे स्थान ठरते. न्यायालय किंवा दंडाधिकारी करतो ती चौकशी, दोषारोपावर चालते ती न्यायचौकशी, आणि अन्वेषण हे शासनाच्या कार्यकारी अंगाचे काम होय. घटनास्थळी जाणे, वस्तुस्थिती जाणून घेणे, संशयिताचा शोध व अटक, जबाब व झडती यांद्वारे पुरावा जमविणे आणि आरोपीला न्यायालयापुढे उभे करण्याइतके साहित्य हाती आहे की नाही याविषयी मत बनविणे, असे त्याचे टप्पे सर्वोच्च न्यायालयाने रिशबुद खटल्यात (१९५४) सांगितले. अन्वेषणातील बेकायदेशीरपणामुळे न्यायदानात प्रत्यक्ष अन्याय झाल्याचे दिसत नसेल, तर केवळ त्या कारणाने खटला रद्द होत नाही, हेही त्याच निकालाने ठरविले.

इतिहास : या विषयाचे सर्वांत जुने सविस्तर विवेचन कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणात आढळते. ‘आशुमृतकपरीक्षा’ या प्रकरणात अकस्मात मेलेल्या माणसाच्या प्रेतास तेल लावून ते तपासावे असे सांगून मृत्यूच्या प्रकारांची लक्षणे दिली आहेत. मलमूत्र बाहेर पडलेले, पोट वाऱ्याने फुगलेले, हातपाय सुजलेले, डोळे उघडे आणि गळ्यावर खुणा असतील, तर श्वास कोंडून मारले असे समजावे. पुढच्या प्रकरणात संशयिताला तीन रात्री उलटल्यावर पकडू नये, कारण मग त्याला विचारपूस करता येत नाही, असा नियम असून गुन्ह्याची साधने सापडली असल्यास त्याला अपवाद केला आहे. तेथेच चोर नसतानाही छळाच्या भीतीने ‘मी चोर आहे’ असे म्हणणाऱ्या अणिमांडव्याचा दाखला येतो, आणि म्हणून पुरावा पूर्ण झाल्यावरच शिक्षा द्यावी असे सांगितले आहे. अर्थात याच प्रकरणात छळाच्या अनेक प्रकारांची मोजदादही आहे; तेव्हा अणिमांडव्याच्या दाखल्यावरून ग्रंथकाराला आधुनिक अर्थाने उदार ठरविण्याचे कारण नाही.

ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. मुंबई विद्यापीठासाठी ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले यांनी मौर्यकालीन कर्तृत्वाची परंपरागत बाजू मांडली. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दयोजनेच्या सांख्यिकीय तपासणीवरून ग्रंथ एकाहून अधिक हातांचा असल्याचे प्रतिपादिले. अलीकडील संशोधनाचा कल सध्याची संहिता इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांच्या आसपास सिद्ध झाली असावी असे मानण्याकडे आहे, आणि उपलब्ध पुरावा पाहता तो अधिक ग्राह्य वाटतो. काळ कोणताही धरला तरी, ग्रंथातील नियम ही शास्त्रकाराची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तपास तसाच होई असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मराठी मुलखातील गावपातळीवरील व्यवस्थेची माहिती मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात मिळते. पाटलाच्या हाताखालचा जागल्या (गावचा राखणदार) चोराचा माग काढी. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेल्याची तेथील जागल्याची खात्री पटली की पहिल्याची जबाबदारी संपे आणि पुढचा माग त्या गावाकडे जाई.

कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९३ च्या सुमारास दरोग्यांची (ठाण्यांवरील पोलीस अधिकाऱ्यांची) व्यवस्था लावली. कबुलीजबाबासाठी होणाऱ्या छळाच्या तक्रारी तेव्हापासूनच्या असून मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीचा १८५५ चा अहवाल त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोलिसांपुढील कबुलीवरचा निर्बंध त्या अहवालाचे फळ मानण्याची प्रथा आहे. तथापि दरोग्यांनी कबुली काढण्यावरील निर्बंध त्याआधीच्या बंगालच्या विनियमांतही दिसतात, त्यामुळे हा नियम एका अहवालातून निघाला असे म्हणण्यापेक्षा दीर्घ अनुभवातून पक्का झाला असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो कलमे २५ ते २७ मध्ये आला.

कबुली आणि शोध : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही आणि पोलीस कोठडीतील कबुली दंडाधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीशिवाय ग्राह्य नाही, हे दोन नियम झाले. कलम २७ ने त्यांना अपवाद केला. कोठडीतील आरोपीच्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर तिच्याशी स्पष्टपणे संबंधित असलेला माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. पुलुकुरी कोटय्या खटल्यात (१९४७) प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) त्याची मर्यादा आखली. ‘घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो’ हे वाक्य ग्राह्य; त्याला जोडून येणारे ‘त्याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकले’ हे अग्राह्य. सापडली ती सुरा ही वस्तू नव्हे, तर ती वस्तू कोठे आहे आणि आरोपीला ते माहीत आहे, ही गोष्ट, असे कौन्सिलने म्हटले. या कलमामुळे निवेदन पंचनामा ही तपासातील महत्त्वाची कागदोपत्री पायरी झाली. आरोपीचे निवेदन पंचांसमक्ष लिहिले जाते, त्यावर सह्या होतात, मग सर्वजण आरोपी नेईल तेथे जातात आणि वस्तू जप्त करून मोहोरबंद केली जाते. न्यायालयात बचाव पक्षाचा रोख बहुधा याच कागदावर असतो : पंच पोलिसांचे नेहमीचे तर नाहीत ना, जागा पोलिसांना आधीच ठाऊक नव्हती ना, वस्तू सर्वांना दिसेल अशा ठिकाणी तर नव्हती ना.

कोठडीतील आणि कोठडीबाहेरील व्यक्तींत भेद करणारे हे कलम २७ घटनाबाह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने देवमन उपाध्याय खटल्यात (१९६०) बहुमताने दिला. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तिन्ही कलमे २३ व्या कलमात एकत्र करताना अपवादाचे परंतुक दुसऱ्या उपकलमाला जोडले. तो अपवाद पहिल्या उपकलमालाही लागू होतो काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. अघ्नू नागेसिया खटल्यात (१९६५) जुने कलम २७ दोन्ही नियमांचा अपवाद मानले गेल्याने तोच अर्थ पुढे चालू राहील असे मानणे योग्य दिसते.

पोलिसांनी नोंदविलेल्या साक्षीदारांच्या जबाबावर सही घेत नाहीत, आणि त्याचा उपयोग मुख्यतः साक्षीतील विसंगती दाखविण्यापुरता होतो. तपासाची दैनंदिनी न्यायालय पाहू शकते, पण ती पुरावा नव्हे. एकाच संहितेने पोलिसांना व्यापक अधिकार द्यावेत आणि त्यांच्या लेखणीतून उतरलेल्या मजकुरावर मात्र विश्वास ठेवू नये, हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. नार्को चाचणी (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारणे) संमतीशिवाय करता येत नाही, हा सेल्वी खटल्यातील निकाल (२०१०) त्याच धोरणाशी जुळणारा आहे.

पोलीस आणि न्यायालय : दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर मिळाल्यास ती नोंदविणे बंधनकारक आहे (ललिता कुमारी, २०१३). तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा नव्या संहितेच्या कलम १७३ ने दिली आहे. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत अहवाल न आल्यास कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

तपासात न्यायालयाने ढवळाढवळ करू नये, दोघांची कामे परस्परपूरक आहेत, हे तत्त्व नझीर अहमद खटल्यात (१९४४) प्रिव्ही कौन्सिलने मांडले. अभिनंदन झा खटल्यात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दंडाधिकारी पोलिसांना दोषारोपपत्र पाठविण्याचा हुकूम देऊ शकत नाही. तो अहवालाशी असहमत होऊन गुन्ह्याची दखल घेऊ शकतो किंवा अधिक तपास करण्यास सांगू शकतो. महाराष्ट्रात तपास बंद करण्याच्या अहवालास समरी म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपीचा किंवा पुराव्याचा पत्ता नाही, तेव्हा ‘ए’. तक्रार द्वेषबुद्धीने केलेली व खोटी असेल तेव्हा ‘बी’. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तेव्हा ‘सी’. हे वर्गीकरण संहितेत नाही. ते पोलीस नियमपुस्तिकेतून आले आहे. ‘बी’ समरी मंजूर होण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी दिली जाते.

विशेष यंत्रणांचे कायदे वेगवेगळे आहेत. केंद्रीय अन्वेषण विभाग १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाखाली चालतो, व राज्यात तपासासाठी त्याला सामान्यतः त्या राज्याची संमती लागते. अंमली पदार्थविरोधी कायद्याखालील अधिकारी ‘पोलीस अधिकारी’ ठरतात, म्हणून त्यांच्यापुढील कबुली अग्राह्य (तूफान सिंग, २०२०). अंमलबजावणी संचालनालयाचे अधिकारी मात्र तसे नाहीत (विजय मदनलाल, २०२२). दोन्ही निर्णयांची सांगड घालणे सोपे नाही.

सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये असून ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण त्याच संहितेच्या कलम १०५ नुसार करावयाचे असते. साक्षीदारांच्या सह्यांची जप्त वस्तूंची यादी करण्याची प्रक्रियाही त्या चित्रणात यावी लागते.