बरोबरीचे सामने पुसले तेव्हा: एनएफएलचा १९३२ चा हंगाम

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये १९३२ च्या हंगामात ग्रीन बे पॅकर्सनी १० सामने जिंकले, ३ हरले, १ बरोबरीत सोडवला. शिकागो बेअर्सनी जिंकले ६, हरले १, आणि बरोबरीत सोडवले तब्बल ६. तरी विजेतेपदाच्या शर्यतीतून बाद झाले ते पॅकर्स.

घोळ तक्त्याच्या गणितात होता. एनएफएलमध्ये तोवर अंतिम सामना नव्हता. वेळापत्रक संघ आपापसांत ठरवत, त्यामुळे कुणाचे १४ सामने होत तर कुणाचे ११. म्हणून विजयांची टक्केवारी काढत, आणि ती काढताना बरोबरीचे सामने सरळ पुसून टाकत. आपल्याकडे साखळी सामना अनिर्णित राहिला तर निदान गुण वाटून मिळतात. इथे तो खेळलाच नाही असं धरायचं. बेअर्स ७ पैकी ६, म्हणजे ८५.७ टक्के. ओहायोतला पोर्ट्समथ स्पार्टन्स हा संघ ६ विजय, १ पराभव, ४ बरोबरी, म्हणून तोही ८५.७. पॅकर्स १३ पैकी १०, ७६.९. बरोबरी म्हणजे अर्धा विजय, हा १९७२ पासूनचा हिशेब लावून पाहा: पॅकर्स ७५, स्पार्टन्स ७२.७, बेअर्स ६९.२. क्रमच उलटा! १९२९ पासून सलग तीनदा जिंकलेल्या पॅकर्सचं ते चौथं विजेतेपद ठरलं असतं.

अर्थात, पॅकर्सनी हातचं घालवलं हेही खरंच. डिसेंबर उजाडला तेव्हा त्यांचा एकच पराभव होता. मग ४ तारखेला स्पार्टन्सनी त्यांना १९-० ने लोळवलं, तेही संपूर्ण सामना त्याच अकरा खेळाडूंवर काढून, एकही बदली न करता. पुढच्याच रविवारी बेअर्सनी ९-० ने हरवलं. ज्या बेअर्सचे पहिले तीन सामने ०-० सुटले होते आणि चौथा ते ०-२ हरले होते, तेच आता वर होते.

बेअर्स आणि स्पार्टन्स आपसातले दोन्ही सामनेही बरोबरीत खेळले होते, १३-१३ आणि ७-७. तेव्हा जादा सामना ठरला, १८ डिसेंबरला शिकागोतल्या रिग्ली फील्डवर. पण हिमवादळ आणि हाडं गोठवणारी थंडी आली. बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांनी सामना शिकागो स्टेडियमच्या छताखाली हलवला. १९३० मध्ये तिथे त्यांनी मदतनिधीसाठी एक सामना खेळवलेला होता.

सर्कस नुकतीच हलली होती. तिच्यासाठी पसरलेल्या मातीवरच रेषा आखल्या. मैदान बसलं जेमतेम ८० यार्डांचं, भिंती बाजूच्या रेषांना भिडलेल्या. त्यामुळे नियम वाकवावे लागले. गोलपोस्ट मागच्या रेषेवरून गोलरेषेवर आणले. भिंतीपासून १० यार्ड आत खुणा केल्या आणि प्रत्येक डाव तिथून किंवा त्याच्या आतून सुरू करायचं ठरलं. एरवी चेंडू कडेला गेला की पुढचा डाव कडेलाच, आणि तो मधे आणण्यात एक डाउन, म्हणजे पुढे सरकायच्या चार संधींपैकी एक, वाया.

स्पार्टन्सचा मोहरा डच क्लार्क आलाच नाही. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच, पण कोलोरॅडो कॉलेजात बास्केटबॉल प्रशिक्षकाची नोकरी होती आणि कॉलेजने सोडलं नाही.

११,१९८ प्रेक्षकांसमोर तीन पाव सामना ०-० च. चौथ्यात बेअर्सच्या डिक नेस्बिटने स्पार्टन्सचा पास मध्येच पकडून गोलरेषेपासून ७ यार्डांपर्यंत मजल मारली. तिथून चौथ्या डाउनवर ब्रोंको नगुर्स्की मुसंडी मारायला धावला, अचानक थबकला, मागे सरकला आणि एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, रेड ग्रेंजकडे चेंडू भिरकावला. टचडाउन, सहा गुण! स्पार्टन्सचे प्रशिक्षक पॉट्सी क्लार्क तावातावाने धावले. पास टाकणारा डाव सुरू होतो त्या रेषेमागे किमान ५ यार्ड हवा हा नियम, आणि नगुर्स्की तेवढा मागे नव्हता, ही त्यांची तक्रार. पंचांनी ऐकलं नाही. जादा गुण मिळून ७-०, नंतर स्पार्टन्सच्या पंटरच्या (लाथेने चेंडू दूर पाठवणाऱ्याच्या) हातून चेंडू सुटून एंड झोनबाहेर गेला, त्याचे दोन: ९-०.

हा जादा सामनाही तक्त्यात धरला, आणि पराभवामुळे स्पार्टन्स ७५ टक्क्यांवर, पॅकर्सच्याही खाली, तिसऱ्या स्थानी घसरले. एका सामन्याची एवढी जबर किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

फेब्रुवारी १९३३ च्या बैठकीत लीगने ५ यार्डांची अट काढली. पास रेषेमागे कुठूनही चालेल असं ठरलं. कडेपासून १० यार्डांवरच्या खुणा कायम झाल्या (त्या १९३५ मध्ये १५, १९४५ मध्ये २० यार्ड आत सरकल्या). गोलपोस्ट गोलरेषेवर आले ते १९७४ पर्यंत तिथेच राहिले. जुलैत लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट पडले, त्यांच्या विजेत्यांत अंतिम सामना सुरू झाला. १७ डिसेंबर १९३३ च्या पहिल्या सामन्यात बेअर्सनी न्यूयॉर्क जायंट्सना २३-२१ ने हरवलं.

पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्ये सुमारे ८,००० डॉलरना विकला गेला आणि डेट्रॉइट लायन्स झाला. १९३५ चा अंतिम सामना त्यांनी २६-७ ने जिंकला. या वेळी डच क्लार्क मैदानात होता.