कागदाला सातच घड्या? खुलासा

‘कोणताही कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडता येत नाही’ हे विधान शाळेच्या बाकापासून व्हॉट्सॲपपर्यंत वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे.

अडचण कुठे येते, हे सोलापुरात चाटी गल्लीत चादर घेताना दिसेल. पहिल्या दोन-तीन घड्या दुकानदार झटक्यात घालतो. पाचवी घालायला गेलं की थर ३२, कडा फुगलेली, वरून गुडघा दाबावा लागतो. कागदाचंही तेच. ०.१ मिमी जाडीच्या कागदाला सात घड्या म्हणजे १२८ थर, जवळपास १.३ सेंमी. थर दुप्पट होतात आणि लांबी निम्मी; उरलेला कागद वळणातच खर्च होतो. थोडक्यात, मर्यादा ठरते लांबी-जाडीच्या प्रमाणावर. सात आकड्यात जादू कसली आलीय!

२००२ मध्ये ब्रिटनी गॅलिव्हन या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलीने सुमारे १,२०० मीटर लांबीचा टॉयलेट पेपर १२ वेळा दुमडून दाखवला. किती घड्यांना किती लांबी लागेल, याचं सूत्रही तिने मांडलं.

‘४२ घड्यांत कागद चंद्रापर्यंत’ हा जोडीचा दावा मात्र निव्वळ गणित म्हणून खरा: सुमारे ४.४ लाख किमी, आणि चंद्र सरासरी ३.८४ लाखांवर. ४१व्या घडीला कागद जेमतेम २.२ लाखांवर असतो.