परदेशी प्रशिक्षण, साठ मुलांचा वर्ग

फुलब्राइटसारख्या शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊन आलेली इंग्रजीची शिक्षिका कागल किंवा राधानगरीच्या शाळेत पुन्हा उभी राहते, तेव्हा समोर लांब बाकांवर साठ मुलं असतात, तास जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा आणि डोक्यावर दहावीचा बोर्ड. धडा वाचणं, अर्थ सांगणं, प्रश्नोत्तरं लिहून देणं बघता बघता परत सुरू होतं. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. शिक्षक होण्याआधीच प्रत्येकानं विद्यार्थी म्हणून हजारो तास शिकवणं पाहिलेलं असतं, याकडे समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये लक्ष वेधलं. घाईत तोच नमुना हाताशी येतो. शिवाय शरीर परका अवयव नाकारतं, तशी शाळाही परकी पद्धत नाकारू शकते. मुख्याध्यापकांना गोंगाट ऐकू येतो, पालकांना कोरी वही दिसते.

मग टिकतं काय? बहुधा लहान गोष्टी. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला तर ही उसंत हवीच. तिला ना पैसा लागतो, ना बाक हलवावे लागतात.

मोठी पद्धतही रुजते, पण नव्यानं बेतली तर. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ दरम्यान दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत कृतींतून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. गटकामाचा आग्रह त्यांनी धरला नाही. वेळापत्रक किंवा नकाशावरचं एक कोडं शिक्षक आधी सगळ्या वर्गाबरोबर सोडवी, मग तसंच दुसरं मुलं आपापली सोडवत. कोल्हापूर-गारगोटी एसटीच्या वेळापत्रकावर हे उद्याही करता येईल.

परतल्यानंतरची सोबत मात्र आपण विसरतो. शिक्षक-प्रशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात हेच मांडलं: नुसत्या प्रशिक्षणानं वर्गात फारसं उतरत नाही, सहकारी तास पाहून त्यावर बोलत राहिले तर उतरतं. आपल्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरते. तिथे परतलेल्या बाईंचं भाषण ठेवण्यापेक्षा चार शिक्षकांनी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसावं, आणि पुढच्या महिन्यात बाईंनी त्यांच्या.